विसमितेच्या गावाला

अड्याळच्या थांब्यावर तुम्ही उभे आहात. हनुमानाची घोडायात्रा नुकतीच आटोपली आहे. रस्त्याच्या कडेला खेळण्यांची आणि जिलेबीची दुकानं आवरली जात आहेत, आणि पलीकडच्या बांध्यांत उन्हाळी धान हिरवंगार उभं आहे. भंडाऱ्याहून पहेल्यामार्गे आलेली एसटी धूळ उडवत थांबते. "पवनी जाता का जी?" मागून चढणारी एक म्हातारी विचारते आणि उत्तराची वाट न पाहता खिडकीजवळची जागा धरते. पुढे कोंढा, मग पवनी. अर्ध्या-पाऊण तासाचा हा रस्ता तुमच्या ओळखीचा आहे. तालुक्याला काम पडलं की याच रस्त्यानं जायचं, सात-बाऱ्यासाठी, दाखल्यासाठी, बाजारासाठी. आज मात्र तुम्ही अशी एक वस्तू बघायला निघाला आहात, जी पवनीची आहे आणि पवनीत नाही. ती बघायची तर जिथं ती घडली तिथपर्यंत जायला हवं. तेवढा रस्ता एसटीला जमणारा नाही, म्हणून कोंढ्याच्या अलीकडे डांबर संपतं आणि चाकांखाली मुरूम वाजू लागतो.

1954 चा मे महिना. एसटीच्या जागी बैलांचा छकडा आहे आणि तुम्ही मागच्या बाजूला पाय सोडून बसला आहात. हा मुलूख अजून मध्य प्रदेशात आहे, राजधानी नागपूर. हाकणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याच्या डोक्याला ओला गमछा, आणि तोंडात एकच विषय. भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक लागली आहे आणि राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे आहेत. "बाबासायेब आमच्या जिल्ह्यातून उभे हायेत जी," तो म्हणतो, "आता आमाले कोन अडवते?" तुम्हाला निकाल माहीत आहे. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून येणार आहेत आणि बाबासाहेब या निवडणुकीत हरणार आहेत. त्या पोराच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे बघत तुम्ही गप्प राहता. मागच्या काळात आलेल्या माणसावर पहिलं ओझं याच गोष्टीचं पडतं.

पण तुम्हाला आणखीही काही माहीत आहे, आणि ते त्याला सांगावंसं फार वाटतं. अडीच वर्षं जाऊ दे, 14 ऑक्टोबर 1956 उजाडू दे. नागपुरात लाखो माणसं बौद्ध धम्माची दीक्षा घेतील, त्यांत या रस्त्यावरच्या गावांतलीही असतील. काही जण त्यांना म्हणतील, हा धर्म तुम्ही बाहेरून आणलात. त्यावर पुढे आणखी तेरा-चौदा वर्षांनी, याच रस्त्याच्या टोकाला, जगन्नाथाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या टेकडीतून उत्तर निघेल. मे 1954 मध्ये ती टेकडी अजून खणलेली नाही. गुरं तिच्यावर चरतात. मतांसाठी भंडारा जिल्ह्यात फिरणाऱ्या बाबासाहेबांच्या आणि त्या टेकडीच्या मधलं अंतर काही कोसांचं आहे. मला या जिल्ह्याच्या इतिहासात याहून जिवाला लागणारी दुसरी गोष्ट माहीत नाही.

छकडा पुढे जातो आणि वर्षं भराभर गळू लागतात. रस्त्याच्या कडेची तळी मात्र जागेवर आहेत. मालगुजारीचा काळ येतो आणि जातो, भोसल्यांचे घोडेस्वार धूळ उडवत जातात, आणि ज्यांनी उतार ओळखून पाळ घातली त्या कोहळ्यांची कामं चालू असलेली दिसतात. डोक्यावर माती वाहणाऱ्या बायका, पाळीवर चोपण्या मारणारे गडी. भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा झाला तो या हातांमुळे. थांबून बघण्यासारखं आहे, पण आज नाही. पवनी जवळ येते तसा हातमागांचा खटखटाट ऐकू येतो, कोष्ट्यांच्या घराघरांतून, आणि मग तोही मागे पडतो.

पुढे मातीचा तट. पवनीला तीन बाजूंनी तट आणि खंदक आहे, चौथ्या बाजूला वैनगंगा. तटाआड शिरता शिरता तीन प्रसंग झरझर नजरेसमोरून जातात. वाकाटकांच्या काळात एक कारकून दुसऱ्या प्रवरसेनाच्या जमीनदानाचा ताम्रपट कापडात गुंडाळून नेतो आहे. त्याच्याही मागे, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, भार वंशाचा राजा भगदत्त पावलांच्या पूजेची शिळा बसवून घेतो आहे. आणि एका उंच खांबापाशी माणसं मान खाली घालून उभी आहेत. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ तो उभारला आहे, छायाखांब. पश्चिमेकडच्या शकांचं बिरुद मिरवणारा, या मातीत अनोळखी वाटणाऱ्या नावाचा हा माणूस वैनगंगेच्या काठी का स्मरला गेला, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. प्रवरसेन, भगदत्त, रूपिअम्म यांची नावं पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत तरी येतात. तुम्हाला जायचं आहे ते जिचं नाव तिथंही येत नाही तिच्याकडे.

म्हणून आणखी मागे. इसवी सनापूर्वीचं दुसरं किंवा पहिलं शतक. छकडा थांबतो.

समोर स्तूप आहे, आणि तो तुम्ही कल्पिला होता त्याहून खूप मोठा आहे. सांचीचा मोठा स्तूप तुम्ही पाहिला असेल, त्याचा व्यास साधारण 36 मीटर. हा आरंभीच 38 मीटरांचा होता आणि पुढे वाढवून 41 मीटरांच्या वर नेला गेला. त्याच्याभोवती फिरायला लागलात तर एका फेरीत दीडशेच्या वर पावलं सहज होतात. गाभ्याचं काम जुनं आहे, मौर्यांच्या काळापर्यंत मागे जाणारं. आज चाललं आहे ते नवं काम, प्रदक्षिणेच्या वाटेभोवतीची दगडी वेदिका. उभे खांब, त्यांच्या खाचांत आडव्या बसवायच्या सूची, आणि वरून उष्णीषाचे लांब दगड. सुतारकामात जशी कुसू आणि खाच बसवतात तशीच ही जोडणी. दगड घडवणाऱ्यांच्या हातात अजून लाकडाची सवय आहे.

छिन्नीचा आवाज चारी बाजूंनी येतो आहे. वाळूच्या दगडाची बारीक पूड सगळ्यांच्या भुवयांवर बसली आहे. तुम्ही एका खांबापाशी थांबता. त्यावर एक नाग कोरला जातो आहे, फणा उभारलेला, आणि त्या फण्याच्या आसऱ्याला एक आसन. आसन रिकामं आहे. बुद्धाची मानवी मूर्ती घडवण्याची रीत अजून आलेली नाही. झाड, चक्र, पावलं, रिकामं आसन, एवढ्या खुणांतून त्याचं असणं सांगायचं. शेजारी ब्राह्मी अक्षरांत नागाचं नाव कोरलं आहे, मुचलिंद. ज्ञानप्राप्तीनंतर अवेळी वादळ उठलं आणि सात दिवस पाऊस कोसळला, तेव्हा या नागानं ध्यानात बसलेल्या बुद्धावर फणा धरला, अशी ती कथा. पावसाच्या आणि सापांच्या मुलखात हीच कथा कारागिराच्या हाताला आली, याचं तुम्हाला नवल वाटत नाही. धानाच्या बांधीत गुडघाभर पाण्यात रोवणी करणाऱ्या माणसाला पाऊस काय आणि नाग काय, हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. इथला नाग भीती घालत नाही, आसरा देतो.

सावलीला काही भिक्षू बसले आहेत. त्यांच्यातल्या एकाचं नाव नाग. तो पंचनिकायिक आहे, म्हणजे बुद्धवचनाचे पाचही निकाय जाणणारा. हे त्याच्या नावासह इथल्या दगडावर कोरलेलं आहे, आणि त्याचं मोल मोठं आहे. ग्रंथ अजून लोकांच्या तोंडी आहेत. एक माणूस म्हणजे एक ग्रंथालय. तसा माणूस वैनगंगेच्या काठी या गावात होता किंवा या गावाशी बांधलेला होता, हे दगड सांगतो. 'मागास भाग' असं आपल्या भागाचं वर्णन ऐकत आपण लहानाचे मोठे झालो. ते ऐकताना हा नाग नावाचा भिक्षू कुणीतरी आपल्याला दाखवायला हवा होता.

आणि मग ती दिसते. विसमिता.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण तुम्हाला फसवायचं नाही. तिचा चेहरा, तिचं वय, तिचं लुगडं, यांतलं काहीही दगडावर नाही. उरलं आहे ते एवढंच: विसमिता नावाची उपासिका होती, तिनं दान दिलं, आणि त्या दानातून सगळ्या प्राणिमात्रांना सुख लाभावं अशी इच्छा तिनं कोरून घेतली. बाकीचं आता तुम्ही आणि मी मिळून बघतो आहोत.

ती चाळिशीची असेल. उन्हानं रापलेली, धान कापताना पडलेल्या विळ्याच्या जुन्या खुणा बोटांवर. कोरणारा दगडापाशी उकिडवा बसला आहे आणि ती त्याच्या डोक्यावरून वाकून बघते आहे. तिला वाचता येत असेल किंवा नसेल, पण कुठलं अक्षर आपल्या नावाचं हे तिनं विचारून घेतलं आहे. कोरणाऱ्यानं आधी काव लावून अक्षरं रेखली आहेत. पहिला ठोका पडतो. ती डोळे बारीक करते, पूड डोळ्यांत जाऊ नये म्हणून. तिनं किती दिलं? एक खांब? एका दगडाचा भाग? पै पै साठवून, की घरात बरकत होती म्हणून? कळायला मार्ग नाही. तुम्हाला वाटतं विचारावं. पण ती तुमच्याकडे बघतच नाही, तिचं लक्ष त्या छिन्नीच्या टोकावर आहे.

राजानं बांधलेली वास्तू आणि लोकांनी वाटून उचललेली वास्तू यांत फरक असतो, आणि तो इथं उभं राहिल्यावर अंगाला जाणवतो. या वेदिकेचा एकेक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या घरातून आला आहे. भिक्षू, उपासक, उपासिका. प्रत्येकाचा दगड वेगळा आणि वर्तुळ एकच. त्या वर्तुळात उभ्या असलेल्या बाईनं मागितलं ते स्वतःच्या पोरांसाठी नाही, धन्यासाठी नाही, सगळ्या सत्त्वांसाठी. घोडायात्रेच्या मंदिरात आजही पायरीच्या फरशीवर, पंख्याच्या पात्यावर, देणाऱ्याचं नाव लिहिलेलं सापडतं. विसमितेचं काम त्याच हातचं आहे. फक्त तिनं नावाबरोबर जगाचं सुखही मागून ठेवलं.

संध्याकाळ होते. दगडाची पूड खाली बसते. तुम्हाला तिथून निघवत नाही, पण वेदिकेचे दगड तुमच्या डोळ्यांदेखत कलू लागतात. शतकं पुढे सरकतात. माती चढते, झुडपं उगवतात, विटा कुणीतरी घर बांधायला नेतं. टेकड्या होतात, आणि टेकड्यांना नवी नावं मिळतात. एक जगन्नाथाची, एक सुलेमानची, एक हरदोलालाची. पुरीचा देव, इस्लामी परंपरेतला राजा, बुंदेलखंडाचा लोकदेव. तिन्हींच्या पोटात स्तूप. गावानं विसरतानासुद्धा त्या जागा सोडल्या नाहीत. काहीतरी पवित्र आहे इथं, एवढं त्यानं धरून ठेवलं.

1969 चा हिवाळा. तुम्ही जगन्नाथ टेकडीवर आहात आणि समोर दोऱ्या ताणून चौकोन आखले आहेत. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांचं उत्खनन चालू आहे, डॉ. शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली. कुदळीचं काम वरच्या थरापुरतं. खाली आलं की छोटी खुरपी आणि ब्रश. माती घमेल्यात जाते, घमेलं डोक्यावर, डोक्यावरून ढिगाऱ्यावर. प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक खापराला चिठ्ठी. शहरी मुलं वहीत नोंदी करतात, गावच्या बाया माती वाहतात, आणि त्यांच्यात एक आहे जिच्याकडे तुमचं लक्ष जातं, कारण तिचे हात तुम्ही आत्ताच कुठंतरी पाहिले आहेत.

दुपारी एक लेख असलेला दगड बाहेर येतो. तो धुतात. त्यावर ओला कागद बसवतात आणि कडक केसांच्या ब्रशनं ठोकतात, इतकं की कागद अक्षरांच्या खोलगट रेषांत उतरतो. मग गादीच्या बोळ्यानं शाई. सगळा कागद काळा होतो आणि खोल गेलेल्या जागा पांढऱ्या राहतात. त्या काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. पोरं भोवती गोळा होतात. कुणीतरी एकेक अक्षर लावत वाचतं. ती बाई घमेलं खाली न ठेवता उभी राहते. "कोनाचं नाव हाये जी?" ती विचारते.

कुणी उत्तर दिलं का, दिलं तर काय दिलं, ते लिहिलेलं नाही. उत्खननाचा अहवाल 1972 मध्ये नागपूर विद्यापीठानं छापला, इंग्रजीत. तो काटेकोर आणि मोलाचा आहे. त्याच्याशिवाय या लेखातली निम्मी वाक्यं लिहिताच आली नसती. 1994 मध्ये हरदोलाला टेकडीवर पुन्हा खणलं गेलं, त्याचाही अहवाल निघाला. पण तिचा प्रश्न मराठीतला होता, त्याहून जवळचं म्हणजे झाडीबोलीतला होता, आणि त्या बोलीत त्याला उत्तर मिळणं बाकी आहे.

आता शेवटची उडी, आजच्या दिल्लीला. जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय. थंड दालन, दगडी फरशी, शाळेच्या सहलीची रांग. तो खांब तिथं आहे. तोच नाग, तेच रिकामं आसन. तुम्ही त्याला ओळखता, त्याच्या छिन्नीचा आवाज तुमच्या कानात आहे. पाटीवर पवनीचं नाव वाचून तुम्हाला अभिमान वाटतो आणि त्याच क्षणी पोटात कालवतं. दगड सुरक्षित आहे. ऊन, पाऊस, चोर यांच्यापासून लांब आहे, आणि जगभरची माणसं त्याच्यासमोर थांबतात. हे चांगलंच झालं, मी ते मनापासून म्हणतो. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, यानंही या मुलखातलं कितीतरी जपलं, नाहीतर ते पाट्या-वरवंट्यांत गेलं असतं. पण अड्याळच्या शाळेतल्या मुलाला तो नाग बघायला आगगाडीनं हजार किलोमीटर जावं लागतं, आणि ज्या जागेला त्या नागानं आसरा दिला तिथं उभं राहिलं तर त्याला फक्त गवत आणि माती दिसते, हे मला पटत नाही. मूळ दगड दिल्लीत राहू दे. त्याची खरी मापं घेऊन केलेली प्रतिकृती या तालुक्यात उभी करायला कोण हरकत घेईल?

म्हणून आता तुम्हीच एक खोली बघा. पवनीत चालेल, अड्याळात चालेल, जुनी शाळा चालेल, ग्रामपंचायतीचं रिकामं दालनही चालेल. दारातच मुचलिंद, मुलांच्या उंचीला. त्याच्यासमोर जमिनीवर पांढऱ्या रंगानं आखलेला स्तूपाच्या घेराचा एक तुकडा, म्हणजे उरलेलं वर्तुळ भिंतींच्या बाहेर किती लांब जातं ते कळेल. विसमितेची ओळ ब्राह्मीत, आणि खाली आपल्या अक्षरांत. शेजारी पाटी आणि पेन्सिल: मुलांनी आपलं नाव ब्राह्मीत लिहून बघावं, एका दुपारी येतं ते. दुसऱ्या भिंतीला पवनीच्या कोष्ट्यांचा एक माग, चालू स्थितीतला, आणि तो चालवणारा माणूस. कोहळ्यांच्या तळ्यांचा नकाशा. 1954 चा एखादा प्रचाराचा कागद, कुणाच्या ट्रंकेत असेलच. गोसीखुर्दच्या धरणाखाली गेलेल्या गावांचे फोटो, त्या धरणाचा पाया 1988 मध्ये घातला गेला. पाण्याखाली गेलेलं गावही या खोलीत यायला हवं, आणि त्या गावची माणसं अजून सांगायला आहेत तोवर यायला हवं.

हे सगळं सुरू व्हायला सरकारी मंजुरीची वाट बघावी लागत नाही. एक वही पुरते. उद्या तुमच्या शेतात नांगराला खापर लागलं, विहीर खणताना मोठ्या जुन्या विटा निघाल्या, घराच्या पायात कोरलेला दगड दिसला, तर तो घासूनपुसून लख्ख करू नका आणि देवघरात नेऊ नका. जिथं आहे तिथंच फोटो काढा, बाजूला एखादी पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळेल. गावाचं नाव, शेताचा गट क्रमांक, किती हात खोल, बरोबर आणखी काय निघालं, तारीख, सगळं लिहा. मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, वस्तू मोलाची असेल तर 1878 च्या निखात निधीच्या कायद्यानं ते करावंच लागतं. वस्तू पुढे नागपूरला जाईल, दिल्लीला जाईल, जाऊ दे. तुमच्या वहीतल्या त्या चार ओळी मात्र तालुक्यात राहतील, आणि खोली उघडेल त्या दिवशी पाटी लिहायला त्याच लागतील.